भूमचा समुद्र

मी सगळ्यात आधी जो समुद्र पाहिला, तो भूमच्या बसस्टँडसमोर अजीजभाईंच्या फोटो स्टुडिओत होता. छतापासून फरशीपर्यंत आलेला जाड कापडाचा पडदा, खाली बांबूची दांडी शिवलेली, नको असेल तेव्हा गुंडाळून वर बांधायचा. त्यावर निळंशार पाणी, डाव्या हाताला वाकलेली नारळाची दोन झाडं, मधोमध शिडाचं जहाज आणि जहाजाच्या अलीकडं एक पांढराशुभ्र राजहंस. हा पडदा बार्शीच्या एका पेंटरनं रंगवला होता आणि त्यानंही समुद्र पाहिलेला नव्हता. कॅलेंडरवर बघून काढला, असं अजीजभाई स्वतःच सांगायचे. आमच्या भागात त्या काळात ज्यांची लग्नं झाली, ती बहुतेक जोडपी या समुद्राच्या काठावर उभी राहिलेली आहेत. आमच्या घरी ओसरीच्या भिंतीवर माझे थोरले चुलते, म्हणजे तात्या, आणि काकी असेच उभे होते. तात्यांच्या डोक्याला फेटा, हातात मिटलेली छत्री, आणि काकीच्या खांद्यामागून मान काढलेला तो राजहंस. पाहुणा आला की तात्या त्याला त्या फोटोखालीच बसवायचे, म्हणजे त्यानं मान वर करून विचारावं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी सांगते, कारण ते खरं आहे आणि मला सांगायला आवडतं. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, आबांना, म्हणजे वडिलांना, आकडे यायचे, तात्यांना सही यायची. दोघा भावांचं एकच घर, एकच चूल. थोडी कोरडवाहू जमीन, पण खरा प्रपंच चालायचा शेळ्यांवर. आबा माळावर शेळ्या चारायचे आणि तात्या बाजार करायचे. भूम, परंडा, बार्शी, कुठला आठवडी बाजार त्यांनी चुकवला नाही. आबा बोलायला कंजूष, तात्या बोलण्यात सढळ, त्यामुळं दोघांचं मिळून बरोबर एका माणसाचं बोलणं व्हायचं. सकाळी मला जाग यायची ती डालग्याखालच्या करडांच्या ओरडण्यानं. आई डालगं उचलायची, करडं आपापल्या आयांकडं सुटायची, आणि पुढची पाच मिनिटं घरात कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. मग चुलीवर हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, शेळीच्या दुधाचा चहा. त्या चहाला एक वास असतो. कॉलेजातल्या मैत्रिणी नाक मुरडायच्या. मला आजही म्हशीच्या दुधाचा चहा पाणचट लागतो.

भूमच्या कॉलेजला मी एसटीनं जायची. दोन वर्षं झाली आणि तिसरं, पदवीचं वर्ष समोर होतं. गावातून बारावीच्या पुढं गेलेली मुलगी मी एकटीच, त्यामुळं तात्यांना पारावर रोज कुणी ना कुणी विचारायचं, "मग, अजून किती शिकवायची?" तात्या वाईट माणूस नव्हते. पण रोज तेच उत्तर देऊन माणूस दमतो. त्यात भूगोलाच्या सरांनी सहल काढली. एसटीची करारावरची गाडी, चार दिवस. कोल्हापूर, तिथून घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बाजूचा समुद्रकिनारा, मग पणजी आणि परत. बरोबर एक मॅडम. मी घरी विचारलं तेव्हा तात्या भाकरी मोडत होते.

"भूगोल पुस्तकात मावत न्हाय का?" ते म्हणाले.

"मावतो. पण सर म्हणतात, बघितला की कळतो."

"सरांचं काय जातंय. त्येंची पोरगी न्हाय."

आबा माडगं पीत होते. वाटी खाली ठेवून म्हणाले, "जाऊ द्या की, तात्या."

आबांनी एवढं लांबलचक वाक्य बऱ्याच दिवसांत उच्चारलं नव्हतं. तात्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "जा. पर येक ध्यानात ठेव, शोभे. आल्यावर म्या इचारीन, कुठं गेलतीस, काय बघितलंस. यात येक जरी थाप निघाली, तर तिसरं वरीस इसर. अन् समुद्राचा फोटू आण. लोकांना दावायला काय तरी पायजे मला."

मला थाप मारायची काही गरजच नव्हती, त्यामुळं मी हसत हो म्हटलं. खरं सांगितलं की माणूस सुटतो, असं मला त्या वयात वाटायचं.

अजीजभाईंची मुलगी मुमताज माझ्या वर्गात होती. सहलीला तीही यायची होती, म्हणून अजीजभाईंनी त्यांचा दुसरा कॅमेरा आम्हाला दिला. पहिला त्यांनी बायकोच्या हातातसुद्धा कधी दिला नाही. कातडी केस, गळ्यात अडकवायचा पट्टा, आत छत्तीस फोटोंचा रंगीत रोल. दिला त्याच्या आधी दोन दिवस शिकवलं. स्टुडिओत मुमताजला पडद्यासमोर उभं करायचे आणि मला कॅमेऱ्यातून बघायला लावायचे. "बघ बेटा. मानूस मधी पायजे. मान सीधी. दोनी हात दिसले पायजेत, आनि पाय कापायचे न्हाईत. पाय कापले की लोक म्हनतात, अजीजभाईनं लंगडा केला आमच्या मान्साला. आनि हलता फोटो नक्को. हलला म्हंजे वाया गेला, समझी?" समजलं, म्हटलं. परीक्षेसारखं पाठ केलं : मधोमध, मान सरळ, हात, पाय, हालचाल नाही. निघताना आईनं धपाट्यांचा मोठा डबा दिला आणि सोनारीच्या काळभैरवाला माझ्या नावानं नारळ बोलला. तिच्या मते पोरगी पाण्याच्या काठावर जाणार म्हणजे देवाला आधी कळवलेलं बरं.

कोल्हापूरला आम्ही पहाटे पोचलो आणि मी पाहिलेला मोठ्या शहराचा पहिला रस्ता म्हशींनी भरलेला होता. चौकात म्हशी उभ्या, खाली बसून माणूस धार काढतोय, आणि फेसाळ दुधाचा ग्लास गिऱ्हाईक तिथंच उभ्यानं पितंय. शहर म्हणजे जनावरांपासून लांब, अशी माझी समजूत होती. तिथं तर धोतरातले आजोबा आणि पॅन्टमधली पोरं ओळीत उभी. मी मुमताजला दोन म्हशींच्या मधोमध उभी केली. मान सरळ, हात दिसताहेत, पाय आहेत. पहिला फोटो. मुमताज म्हणाली, "म्हस मला चाटतीय, लौकर काढ." मी म्हटलं, "हलू नको."

घाट उतरताना माती लाल झाली आणि हवा ओली. आम्हा माळावरच्या लोकांना हवेत पाणी असतं हे कातडीनं पहिल्यांदाच कळत होतं. सगळ्यांचे केस चिकट झाले आणि मॅडमना वाटलं गाडीत कुणाचं तरी तेल सांडलं. समुद्र दिसायच्या आधी ऐकू आला. सुरूच्या झाडांमागून सारखी घरघर येत होती, आणि मी मनात म्हटलं, इथं या दिवसांत मळणीयंत्र कसं काय चालू? मग झाडं संपली. मी त्याचं वर्णन करणार नाही. पुढं मी पुष्कळ किनारे पाहिले. नोकरीतून सुटल्यावर आम्ही चारपाच निवृत्त बायका दरवर्षी कुठंतरी जातो. पुरीला गेलो, कन्याकुमारीला गेलो, चेन्नईला त्या लांबच लांब वाळूत भाजलेलं कणीस खात फिरलो. प्रत्येक ठिकाणी माझ्या मोबाइलमध्ये शेकड्यानं फोटो जमतात आणि सून म्हणते, आई, मेमरी भरली. पण त्या दिवशी झाडं संपली तेव्हा जे झालं ते एकाही फोटोत नाही, कारण कॅमेरा गळ्यात असून तो उचलायचा असतो हेच मी विसरले होते.

भानावर आल्यावर आम्ही मुलींनी पहिलं काम केलं ते चपला काढून ठेवायचं. पाण्यापासून चांगल्या वीसेक पावलांवर, कोरड्या वाळूत, अकरा जणींच्या चपला देवळाबाहेर ठेवाव्यात तशा ओळीनं. आमच्या गावच्या तलावाचं पाणी मला जन्मापासून माहीत. ते दिवाळीनंतर मागं सरायला लागतं आणि मागंच जातं. आज इथं ओल आहे, उद्या दोन हात खाली. एकदा गेलेलं पाणी पुढच्या पावसाळ्याआधी परत येत नाही. त्यामुळं पाणी पुढं येईल हा विचार आम्हा अकरा जणींपैकी एकीच्याही डोक्यात आला नाही. भूगोलात भरती-ओहोटीवर आम्ही सगळ्या पास होतो. दीड तासानं परत फिरलो तर चपलांच्या जागी पाणी होतं. मुमताजची एक चप्पल लाटेवर वरखाली होताना दिसली आणि लगेच दिसेनाशी झाली. जाळं आवरत बसलेली एक बाई हसून हसून वाळूत बसली. "भरती इली गो," ती म्हणाली. "पाण्याक काय कळता, कोणाचा काय ता?" सरांनी तिथल्या तिथं भरती-ओहोटीवर दहा मिनिटं सांगितलं. आम्ही अनवाणी उभं राहून ऐकलं.

फोटो मात्र मी शिस्तीत काढले. मुमताज मधोमध, मागं समुद्र. मग मुमताज आणि अजून दोघी, मागं समुद्र. मग मॅडम. मग सर, हातात छडी नसल्यामुळं हात कुठं ठेवावेत हे न कळलेले. लाट आली की मी थांबायची, पाणी शांत झालं की बटण दाबायची, कारण हललेला फोटो वाया. एका ठिकाणी होडी ओढून ठेवली होती, तिच्याजवळ मुमताजला उभी केली. सूर्य माझ्या पाठीमागं होता, सगळं अजीजभाईंनी सांगितलं तसं.

पणजीच्या जुन्या भागात गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन घरांना लागतील. घरं पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची, लाकडी गॅलऱ्या, कौलं, आणि सगळीकडं पाव भाजल्याचा वास. एक पाववाला सायकलवर टोपली घेऊन भोंगा वाजवत गेला. आम्ही सगळ्या भोंग्यानं दचकून भिंतीला चिकटलो. आमच्याकडं तसा भोंगा एसटीला असतो. एका गॅलरीत फ्रॉक घातलेली म्हातारी बसली होती. पिकलेले केस, सुरकुतलेले हात आणि फुलाफुलांचा फ्रॉक. मी कॅमेरा दाखवून हातानं विचारलं, काढू का? ती उठली, आत गेली, आणि आम्ही ती रागावली असं समजून निघणार तोच दुसरा फ्रॉक घालून, तोंडाला पावडर लावून बाहेर आली. गॅलरीत मधोमध उभी राहिली. मान सरळ, दोन्ही हात दिसताहेत. तिला काही सांगावं लागलं नाही. अजीजभाईंना ती गिऱ्हाईक म्हणून फार आवडली असती.

घरी आले ती रबरी स्लीपर घालून. ओसरीत तात्या होते. त्यांचं पहिलं लक्ष पायांकडं गेलं. बाजार करणाऱ्या माणसाची नजर आधी पायांवर जाते.

"चप्पल कुठाय?"

"समुद्रानं नेली."

तात्यांनी डोळे बारीक केले. "कुणी?"

"समुद्रानं, तात्या. पाणी पुढं आलं आणि घेऊन गेलं. अकरा जणींच्या."

"पानी पुढं आलं," तात्या म्हणाले. "पाऊस नसताना."

"व्हय. दिवसातून दोनदा येतं, आणि परत जातं."

तात्या आईकडं वळले. "ऐकलं का? पानी दिसातनं दोनदा येतं अन् घरी जातं." त्यांनी पुढं काही विचारलं नाही, आणि तेच मला बरं वाटलं नाही. आबा दावणीला शेळ्या बांधत होते. ते एवढंच म्हणाले, "जेवलीस का?"

रोल धुवायला अजीजभाईंनी सोलापूरला पाठवला. फोटो यायला बरेच दिवस लागले. तोवर पारावर चर्चा पिकली होती. कुणीतरी म्हणालं, पोरी बार्शीला सिनेमा बघून आल्या असतील. कुणीतरी म्हणालं, चार दिवस कशाला लागतात पाणी बघायला. तात्या ते सगळं घेऊन घरी यायचे आणि जेवताना माझ्या पायांकडं बघायचे. एका सकाळी मी पाकीट घेऊन आले. तात्यांनी मुद्दाम शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना बोलावून ओसरीत बसवलं, आई आणि काकी दाराआड उभ्या, आणि मी एकेक फोटो पुढं ठेवत गेले. स्वतःवर खूश होते मी. एकाही माणसाचा पाय कापला नव्हता.

तात्यांनी समुद्राचा पहिला फोटो हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. मग मान वर करून भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडं पाहिलं. पुन्हा खाली. पुन्हा वर. दोन्ही म्हाताऱ्यांच्या माना त्यांच्याबरोबर वरखाली झाल्या.

"ह्यो तर भूमचा पडदा हाय," तात्या म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग मीही भिंतीकडं पाहिलं, मग फोटोकडं. मुमताज मधोमध, ताठ, हात सरळ. मागं एक सपाट निळसर पट्टा, त्यावर आभाळाचा पट्टा. लाट नाही, फेस नाही. मी थांबून थांबून सगळं शांत असतानाच बटण दाबलं होतं. वाऱ्यानं पदर उडू नये म्हणून तिला तो खोचायला लावला होता. आणि ती तर अजीजभाईंचीच मुलगी, लहानपणापासून पडद्यासमोर उभी राहिलेली. मी खऱ्या समुद्राचा हुबेहूब पडदा केला होता. उलट पेंटरचा समुद्र जास्त निळा होता.

"पडद्याला राजहंस आहे, तात्या. यात कुठाय?"

"पोरगी हंसाच्या म्होरं उभी केली आसंल." तात्यांनी फोटो उलटा केला. मागं जांभळ्या शाईत अजीजभाईंचा शिक्का होता, खाली गावाचं नाव. "वाच. काय लिवलंय?"

"भूम," मी म्हणाले.

"मग?"

मी कोल्हापूरच्या म्हशी पुढं केल्या. तात्या म्हणाले, म्हशी परंड्यालाबी हायत. पणजीची गल्ली दाखवली, दुकानावरची पाटी वाचून दाखवली. तात्या म्हणाले, "विंग्रजी पाट्या बार्शीलाबी हायत, अन् वाचनारी तूच. तू म्हनशील ते गाव." फ्रॉकवाल्या म्हातारीचा फोटो मात्र त्यांनी बराच वेळ निरखला. एक म्हातारा म्हणाला, सोलापूरच्या दवाखान्यातली नर्स आसंल, अशाच ऱ्हात्यात. तात्यांनी तोही फोटो खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "शोभे," ते म्हणाले, "म्या तुला आधीच बोललो व्हतो. चप्पल पान्यानं नेली म्हनलीस, तवाबी म्या गप बसलो. सिनेमा बघायचा व्हता तर सिनेमा म्हनायचं. आता तिसऱ्या वर्साचं नाव काढू नकोस."

"सरांना विचारा."

"सर तुमचंच."

रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग आला होता, आणि तो तात्यांचा नव्हता. पस्तीस फोटो मी पुढं मांडले होते आणि त्यातल्या एकानंही मी तिथं होते असं म्हणायला तोंड उघडलं नव्हतं. तिसरं वर्ष गेलं, असं मी मनात धरलं. आई दाराआडून म्हणाली, "देवाला नारळ बोल्लाय म्या, ती कशाला खोटं बोलंल?" पण तो पुरावा चालण्यासारखा नव्हता.

पाकिटात सगळ्यात तळाशी एक फोटो उरला होता. अजीजभाईंनी तो देतानाच तोंड वाकडं केलं होतं : होडीजवळचा फोटो, मुमताज चांगली आलीय, पण कोपऱ्यात शेळी घुसलीय. "कोपरा कापून देऊ का? फोटो की इज्जत जाती," असं ते म्हणाले होते आणि मी घाईत तसाच घेतला होता. काढताना मला ती दिसलीही नव्हती. मी तो पुढं ठेवला नाही. तसाच पाकिटातून घसरून खाली पडला.

आबा इतका वेळ पायरीवर बसून शेळीच्या गळ्याची दोरी वळत होते. त्यांनी तो फोटो उचलला. मुमताजला अंगठ्यानं झाकलं. मग उठून दारात उजेडाला गेले आणि इतका वेळ तिथं उभे राहिले की एक म्हातारा तंबाखू मळायचा थांबला.

"ही शेळी कुठली?" आबांनी विचारलं.

"तिथलीच. किनाऱ्यावर होती."

"ठाण कसं हाय? उंच?"

"मी बघितली नाही, आबा."

"बघितली न्हाय," ते स्वतःशीच म्हणाले, जणू समुद्र बघून शेळी न बघणारी मुलगी आपल्या घरात कशी निघाली. मग तात्यांसमोर येऊन बसले. "तात्या, हिकडं बघा. तोंडावर दोन पांढरं पट्टं. नाकापास्नं कानापत्तूर, दोनी बाजूनं. कानाचा काठबी पांढरा. अन् पाय बघा, गुडघ्याखाली पांढरं."

तात्यांनी फोटो घेतला. या वेळी लांब धरला नाही, एकदम नाकाशी.

"आपली शेळी काळीभोर," आबा म्हणाले. "भूमचा बाजार तुमी किती वर्सं करताय?"

"तुझ्या लग्नाआधीपास्नं."

"परंडा? बार्शी?"

"समदं."

"अशी शेळी कदी बांधल्याली बघितली का?"

तात्यांनी फोटो उजेडाकडं कलता केला. त्यांच्याबद्दल एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते : माणसांबद्दल ते चुकायचे, पण जनावराबद्दल खोटं बोलणं त्यांच्या जिभेवर यायचं नाही. बाजारात त्यांचा शब्द चालायचा तो त्याच्यावर. त्यांनी फोटो एका म्हाताऱ्याकडं दिला, परत घेतला, अंगठ्यानं पुसला.

"न्हाय," ते म्हणाले. "ही आपल्या मुलखातली न्हाय."

"मग पोरगी दुसऱ्या मुलखात गेलती," आबा म्हणाले आणि पुन्हा दोरी वळायला बसले. आयुष्यात त्यांनी माझ्यासाठी केलेलं हे सगळ्यात लांब भाषण.

त्यानंतर ओसरीत समुद्राचं नाव निघालं नाही. ती शेळी दूध किती देत असेल, खारी हवा तिच्या केसाला मानवते का, तिथं चारा काय, ती मासे खाते का, यावर दुपारपर्यंत चर्चा झाली. मला एकाचंही उत्तर येत नव्हतं आणि तात्या प्रत्येक वेळी म्हणत होते, "मग सरांनी शिकवलं काय?" संध्याकाळपर्यंत शेजारच्या वस्तीवरून माणसं आली, शेळी बघायला. मुमताजला कुणी विचारलंसुद्धा नाही. आजही मी कुठं गेले की फोटो काढून झाल्यावर त्याचे चारही कोपरे तपासते. पुरीला माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, समुद्र तिकडं आहे, तू वाळूवरच्या कुत्र्याचा काय फोटो काढतेस? मी म्हटलं, घरच्या सवयी.

कॉलेज उघडलं तेव्हा आबांच्या दोन शेळ्या व्यायला झाल्या होत्या, म्हणून माझ्याबरोबर भूमला तात्या आले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. खिशात त्यांनी तो फोटो घेतला होता, हे मला एसटीत कळलं. शेजारी वालवडचा एक माणूस बसला होता. दोन थांबे जायच्या आत तात्यांनी त्याला सांगून टाकलं होतं की समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा पुढं येतं, आणि चपला पाण्याजवळ ठेवायच्या नसतात. इतक्या ठामपणे सांगितलं की तो माणूस म्हणाला, "तुमी जाऊन आलाय जनू." तात्या म्हणाले, "आमच्या घरचं मानूस जाऊन आलंय." मग फोटो काढला. "समुद्र काय, पानीच पानी. पर ही बघा."

कॉलेजच्या खिडकीत क्लार्क बसला होता. फॉर्म चाळत तो म्हणाला, "तुमच्याकडच्या मुली अर्ध्यातच सोडून जातात हो काका. आम्हाला उगाच कागद रंगवायला लागतात. नक्की पाठवणार आहात ना?"

तात्यांना ते लागलं. फेटा सारखा करून ते म्हणाले, "पाठवनार म्हंजे? आजून लई मुलूख बघायचा ऱ्हायलाय तिला. आन तो कागद."

क्लार्कनं पालकाच्या सहीची चौकट दाखवली. तात्यांना पूर्ण नावाची सही यायची, वडिलांच्या नावासकट, आणि ती त्यांनी मोठ्या अक्षरात, एकेक काना नीट ओढत केली. चौकट भरली, सही बाहेर आली, खालच्या दोन रकान्यांवरून गेली. क्लार्कनं कपाळाला हात लावून दुसरा फॉर्म दिला. तात्यांनी दुसऱ्यावरही तशीच केली. तिसरा फॉर्म पुढं येईल म्हणून ते पेन धरून उभे होते, पण क्लार्कनं एकदा सहीकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं, आणि शिक्का मारला.